जुनी पोर्शे आणि विकतची हमी

अमेरिकेत जुनी पोर्शे 911 किंवा बॉक्स्टर विकत घेताना किंमत ठरते, कर्जाचे कागद तयार होतात आणि सह्यांच्या टेबलावर आणखी एक करार पुढे सरकवला जातो. तो असतो एक्स्टेंडेड वॉरंटीचा. त्यामागचा पूर्वपक्ष वरवर पाहता भक्कम आहे. गाडी जर्मन, सुटे भाग महाग आणि इंजिन नाजूक, तेव्हा तीन-चार हजार डॉलर आधीच भरून निर्धास्त व्हावे. नाहीतर एकाच बिघाडात गाडीच्या किमतीइतके बिल येईल.

यातली भीती खोटी नाही. 1997 सालच्या मॉडेलपासून बॉक्स्टरमध्ये आणि पाठोपाठ 996 पिढीच्या 911मध्ये बसवलेल्या एम96 इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा असतो. क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. त्याच्या एका टोकाला ग्रीस भरलेले सीलबंद बॉल बेअरिंग असते. सील कडक झाले की ग्रीस धुऊन जाते, गोळ्या झिजतात आणि एखाद्या दिवशी बेअरिंग फुटते. व्हॉल्व्हचा ताल सुटून ते पिस्टनवर आदळतात आणि क्षणात इंजिन भंगारात जमा होते. सुरुवातीच्या बॉक्स्टरची आजची किंमत पाहिली तर नव्याने बांधलेले इंजिन तिच्याहून महाग पडते. या दोषावरून अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. 2001 ते 2005 दरम्यानच्या गाड्यांसाठी तडजोड झाली, तीही पहिल्या विक्रीपासून 10 वर्षे आणि 1,30,000 मैल एवढ्या मर्यादेत. ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे.

तरीही ‘म्हणून वॉरंटी घ्या’ हा निष्कर्ष यातून निघत नाही. त्या दाव्याच्या निमित्ताने गोळ्यांची एकच रांग असलेल्या एकेरी बेअरिंगच्या बिघाडाचे प्रमाण सुमारे 8 टक्के आणि आधीच्या, दोन रांगांच्या दुहेरी बेअरिंगचे 1 टक्क्याहून कमी असल्याचे पुढे आले. इंजिनाचा खर्च वीस हजार डॉलर धरला तर 8 टक्क्यांच्या हिशेबाने जोखमीची किंमत सोळाशे डॉलर होते. त्यासाठी तीन-चार हजार मोजणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. करारात इतर भागही येतात हे खरे, पण विक्रेत्याचे कमिशन, करार चालवणाऱ्या कंपनीचा खर्च आणि नफाही त्याच रकमेतून निघतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने 2013 साली केलेल्या पाहणीत वॉरंटी घेतलेल्यांपैकी 55 टक्के लोकांनी ती दुरुस्तीसाठी एकदाही वापरलेली नव्हती. ज्यांनी वापरली त्यांचाही भरलेला पैसा सरासरीने वसूल झाला नाही.

हिशेबापेक्षा करारातली कलमे जास्त बोलकी असतात. ‘झीज’ वगळलेली असते, आणि बेअरिंग निकामी होते ते झिजूनच. ‘करारापूर्वीचा दोष’ वगळलेला असतो, आणि वीस वर्षांच्या गाडीत कोणता दोष आधीचा नव्हता हे सिद्ध करणार कोण? इंजिन उघडून पाहायला कंपनीची मंजुरी लागते. उघडल्यावर दावा फेटाळला गेला तर त्या उघडझापीची मजुरी मालकाच्या माथी पडते. नोंदवलेला मजुरीचा दर पोर्शेच्या कारागिराच्या दरापेक्षा कमी असतो, फरक खिशातून भरावा लागतो. तेल बदलल्याच्या पावत्या नसल्या तर दावा अडतो. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेली किंवा एक्झॉस्ट बदलला, की स्पोर्ट्स कारच्या मालकाची हौसच कराराबाहेर पडते. जाहिरातीतले ‘सगळे काही कव्हर’ किती खरे, याचे उदाहरण ताजे आहे: फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून असे करार विकणारी कारशील्ड आणि तिच्या कराराचा कारभार पाहणारी कंपनी यांनी 2024 साली फेडरल ट्रेड कमिशनशी 1 कोटी डॉलरवर तडजोड केली.

म्हणून वॉरंटी म्हणजे निव्वळ लूट, असा दुसरा पक्ष हौशी मेकॅनिक मोठ्या आवाजात मांडतात. तोही टिकत नाही. सरासरीचा हिशेब शंभर गाड्यांच्या मालकाला लागू पडतो. ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि वीस हजारांचे बिल आले तर घराचा हप्ता चुकणार आहे, त्याने सरासरीपेक्षा जास्त पैसे मोजून तो धोका दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे शहाणपणाचे ठरू शकते. आगीचा विमाही सरासरीने तोट्याचाच असतो, पण घर पेटले तर कामी येतो.

खरा प्रश्न हा, की धोका नेमका कोणता आणि तो पेलणारा कोण. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या गाड्यांचाच दाखला दिला होता: गाडीचे खरे रूप विक्रेत्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. ही दरी वॉरंटी बुजवत नाही, तपासणी बुजवते. स्वतंत्र कारागिराकडे काही शे डॉलर दिले की तो तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसरतो. त्यात लोखंडाची चमकी दिसली, की बेअरिंगने बोलायला सुरुवात केली असे समजावे. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा आत सोडून सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत का, हे तो पाहतो. या इंजिनांत सहाव्या सिलिंडरवर आधी नजर जाते. चौथ्या गिअरऐवजी चुकून दुसरा पडला की इंजिन मर्यादेबाहेर फिरते, आणि इंजिनाचा संगणक ती नोंद जपून ठेवतो. ती नोंद दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर वॉरंटीची चर्चा तिथेच संपवून दुसरी गाडी पाहावी.

तपासणीत गाडी उतरली, तर 996 वर्गासाठी उत्तर बहुधा ‘नको’ असे येते. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवतात, तेव्हाच बेअरिंगही बदलून घ्यावे. दोषाचे मूळच गेले, मग विमा कशाचा? करारासाठी ठेवलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत, बिघाड झाला नाही तर ते मालकाचेच राहतात.

2009 नंतरच्या 911चे गणित वेगळे आहे. तिच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही, पण अनेक गाड्यांत पीडीके हा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे आणि तो बिघडला तर बिल पाच आकडी होऊ शकते. इथे हमी घेण्यात अर्थ आहे, मात्र कंपनीचीच. पोर्शेची ‘ॲप्रूव्हड’ हमी 111 मुद्द्यांची तपासणी झाल्यावर मिळते, आणि दावा पोर्शेच्याच कार्यशाळेत निकाली निघतो. ब्रिटनमध्ये 15 वर्षे जुन्या गाडीपर्यंत ती वाढवून मिळते.

तिऱ्हाईत कंपनीचाच करार घ्यायचा झाला, तर पैसे देण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे हे कागदावर शोधावे. 1975च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार विक्रीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या 90 दिवसांत विक्रेत्यानेच ग्राहकाशी सर्व्हिस करार केला, तर ‘आहे तशी’ म्हणून विकलेल्या गाडीवरची कायद्याने गृहीत धरलेली हमी त्याला झटकता येत नाही. तो केवळ दुसऱ्याच्या कराराचा दलाल असेल, तर ही ढाल सहसा मिळत नाही. विक्रेत्याची सही कोणत्या रकान्यात आहे, हे म्हणूनच किमतीच्या आधी पाहायचे असते.