जुनी गाडी उभी करणाऱ्या पोराला तुम्ही भंगारवाला समजता का?

पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या गोठ्यात, वाड्यात किंवा शेडमध्ये आजोबांची गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय, त्यांनी तर नक्कीच वाचा.

हल्ली तालुक्यातली पोरं विचारायला येतात. "दादा, पद्मिनी उभी करायचीय, पहिलीच गाडी आहे, कुठून सुरुवात करू?" पोरांना हौस आहे, हाताला कामाची सवय आहे. पण घरचे म्हणतात भंगारात घाल, शेजारी म्हणतात येडा झालाय, आणि सरकारी नियम म्हणतो, थांब, तुझी गाडी कुठल्या खान्यात बसते ते आधी बघू दे. ती कुठल्याच खान्यात बसत नाही. माझं भांडण नेमकं इथंच आहे.

आधी गाडीबद्दल. पद्मिनी म्हणजे कुणा परक्याची वस्तू नाही. प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. गाडी तयार व्हायची मुंबईत, कुर्ल्याला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि २००० च्या आसपास बंद पडली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून गिअर. आपल्याकडे कितीतरी लग्नांच्या वराती, बाळंतिणी आणि आजारी माणसं याच गाडीनं वाहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळ्यांनी हळहळून स्टेटस ठेवले. स्टेटस ठेवायला काही पैसे पडत नाहीत. गाडी जपणाऱ्याच्या मागं मात्र कुणी उभं राहत नाही.

आता नियम बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढं दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी दहा हजार रुपये केली. पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, पीयूसी वेगळी, नवीन नंबर प्लेट वेगळी. का, तर जुन्या गाड्या कमी व्हाव्यात म्हणून. रोज धूर ओकत फिरणाऱ्या गाडीसाठी हे एकवेळ मान्य.

दुसरीकडं २०२१ मध्ये केंद्रानं 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. वीस हजार रुपये भरा, दहा वर्षांची नोंदणी घ्या, वेगळी 'व्हीए' मालिकेची नंबर प्लेट लावा. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही काढायची, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठी. नियम चांगला आहे. पण अट काय? पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण पाहिजेत.

म्हणजे १९८५ ची पद्मिनी २०३५ साली 'वारसा' होणार. तोपर्यंत ती काय? भंगार! ज्या गाडीला २०३५ मध्ये मान द्यायचाय, ती तोवर पत्र्याच्या भावानं विकली जावी अशी सोय आपणच करून ठेवलीय. संस्थानिकांच्या रोल्स रॉइसला पन्नास वर्षांची अट कधीच अडली नाही. ती अडते मास्तरांच्या, डॉक्टरांच्या, बागायतदारांच्या गाडीला. जर्मनीत तीस वर्षांच्या जपलेल्या गाडीला वेगळी 'एच' नंबर प्लेट मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनी सवलती लागू होतात. आपल्यालाच पन्नास कशाला पाहिजेत?

लगेच कुणीतरी म्हणेल, पत्रकारसाहेब, प्रदूषणाचं काय? रास्त प्रश्न आहे. या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, धूर जास्तच सोडतात, खोटं कशाला बोलू. पण रोज साठ किलोमीटर पळणारी गाडी आणि महिन्यातून दोन रविवार बाहेर निघणारी गाडी, दोघींना एकच माप कसं? व्हिंटेजला जी वापराची बंधनं घातलीत तीच तीस वर्षांवरच्या गाडीला घाला. वर्षाला ठरावीक किलोमीटर द्या, मीटरची नोंद घ्या, मोडेल त्याला दंड करा. हौशी माणूस आनंदानं मान्य करेल.

आता पोरांनो, थोडं तुमच्याशी. बाजू तुमचीच घेतोय, म्हणून स्पष्ट सांगतो.

रीलमध्ये गाडी तीस सेकंदांत चमकते, शेडमध्ये वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून आधी कागद, मग पत्रा, सगळ्यात शेवटी इंजिन. हा क्रम उलटा केला की पैसे बुडाले.

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः बघा. बँकेचा बोजा उतरलाय का बघा. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी आधी होऊ द्या, मगच पैसे मोजा. जुनी नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर ती चढवून घेणं हेच पहिलं काम. "कागद नंतर बघू" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

मग पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळं दाराखालची पट्टी आणि तळ गंजला असेल तर नुसता रंग मारून भागत नाही. खिशात चुंबक ठेवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुटी आहे. इंजिनाला घाबरू नका, साधं आहे, जुना मिस्त्री डोळे मिटून खोलतो. आणि खोलताना प्रत्येक नट डबीत टाकून चिठ्ठी लावा, फोटो काढा. सहा महिन्यांनी काही आठवत नसतं.

बजेट ठरवा, त्यावर निम्मं आणखी बाजूला ठेवा. लग्नाचे किंवा बियाण्याचे पैसे यात घालू नका. ट्रॅक्टरचा हॉर्न आणि एलईडीच्या माळा लावायच्या असतील तर नवी गाडी घ्या, म्हातारीला छळू नका.

आता सगळ्यांसाठी शेवटचा मुद्दा. यात फक्त गाड्या जात नाहीत, हात पण जातात. हातोडी आणि डॉलीवर पत्रा सरळ करणारे, कार्ब्युरेटर कानानं लावणारे मिस्त्री आपल्या स्टँडमागच्या गॅरेजात अजून आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांच्या हाताखाली आता कुणी शिकत नाही, कारण नव्या गाडीत पार्ट काढायचा आणि नवीन टाकायचा एवढंच काम. एका जुन्या गाडीमागं डेंटर, पेंटर, वेल्डर, लेथवाला, सीटवाला आणि वायरमन अशा सहा जणांच्या घरी पैसे जातात. गाडी भंगारात गेली की पैसे एकदाच मिळतात, तेही वजनावर.

म्हणून मागण्या तीन. एक, तीस ते पन्नास वर्षांच्या जपलेल्या गाड्यांसाठी मर्यादित वापराची वेगळी नोंदणी. हे केंद्राच्या हातात आहे, तेव्हा खासदारांनी तिथं तोंड उघडावं. दोन, परिवहन कार्यालयानं जुन्या कागदांसाठी तालुक्यात वर्षातून एक दिवस शिबिर घ्यावं, म्हणजे पोरांना एजंटाचे पाय धरावे लागणार नाहीत. तीन, आयटीआयनं या जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन आठवड्यातून एक तास शिकवायला बोलवावं.

यातलं काही फार खर्चिक नाही. फक्त जुनी वस्तू म्हणजे कचरा ही डोक्यातली समजूत काढून टाकावी लागेल.

ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी कमेंटमध्ये साल आणि मॉडेल लिहा. नंबर आणि पत्ता टाकू नका. आपल्या तालुक्यात किती गाड्या आहेत याची यादी होऊ द्या. ती यादी घेऊन खासदारांच्या दारात जाऊ. मोकळ्या हातानं गेलं की चहा पाजून परत पाठवतात.