रोग रेड्याला, औषध पखालीला

'लिनक्सवर वायफाय चालत नाही' हे वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की आता ते भिंतीवर रंगवून घ्यायला हरकत नाही. गेल्या वर्षापर्यंत हे वाक्य म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज त्याविरुद्ध दोन शब्द लिहायचे आहेत. लिनक्सची जाहिरात करायची म्हणून नाही, बरं का! स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणारे आपण बिघाड कसा शोधतो, किंवा खरं तर शोधतच नाही, त्याबद्दल बोलायचंय.

आधी माझी फजिती सांगतो. सेकंड इयरला असताना सोयाबीनचे पैसे आल्यावर बाबांनी मला १४ हजारांचा एक सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला. रॅम ४ जीबी. विंडोज सुरू होईपर्यंत मेसमध्ये जाऊन चहा पिऊन येता यायचं. एका सिनियरच्या सांगण्यावरून लिनक्स टाकलं आणि मशीन पळायला लागलं. पण वायफाय? जिन्यापाशी राउटर आहे, तिथे लॅपटॉप छातीशी धरून उभं राहिलं की नेट यायचं. रूमवर आलो की गायब! माझा रूम पार्टनर मात्र त्याच रूममध्ये कॉटवर लोळत मोबाईलवर मजेत मॅच बघायचा.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, "कार्ड गेलं." कुणी म्हणालं, "अरे टाक परत विंडोज, मिटव एकदाचं." बाजारातल्या रिपेअरवाल्याने लॅपटॉप न उघडताच सांगितलं, "कार्ड बदलावं लागेल, १८०० रुपये." १८०० रुपये म्हणजे माझ्या महिन्याच्या मेसबिलाच्या निम्म्याहून जास्त. घरी फोन करून बाबांना काय सांगणार? "तुम्ही घेतलेला लॅपटॉप खराब निघाला" म्हणून?

मग मी तेच केलं, जे आपण सगळे करतो. मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं (ही युक्ती लक्षात ठेवा, अडचणीत फार उपयोगी पडते). नेटवर जी दिसेल ती आज्ञा कॉपी केली, टर्मिनलमध्ये पेस्ट केली आणि एंटर दाबलं. अशा चार रात्री! त्यातल्या निम्म्या आज्ञा भलत्याच कंपनीच्या चिपसाठी होत्या, हे मला माहीतच नव्हतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन मॉड्यूल काळ्या यादीत टाकले, तेव्हा धड चालणारं ब्लूटूथही गेलं. म्हणतात ना, रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

शेवटी लॅबमधल्या असिस्टंट सरांकडे गेलो. म्हटलं, "सर, वायफाय चालत नाही." सरांनी लॅपटॉपकडे बघितलंही नाही. विचारलं, "चालत नाही म्हणजे काय? कार्ड दिसत नाही, की दिसतंय पण ड्रायव्हर लागत नाही, की ड्रायव्हर लागलाय पण नेटवर्क दिसत नाही?" मी गप्प. मग म्हणाले, "वही काढ. एकेक प्रश्न लिही आणि त्यासमोर उत्तर लिही. आज्ञा नंतर."

ते प्रश्न इथे देतो, कारण माझ्या मते ते प्रत्येकाच्या वहीत असायला हवेत.

पहिला प्रश्न, मशीनला कार्ड दिसतंय का? 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की आत काय काय जोडलंय त्याची यादी येते (यूएसबीवरच्या कार्डासाठी 'एलएसयूएसबी'). तिला 'एनएन' हा पर्याय जोडला की प्रत्येक चिपचा ओळख क्रमांक दिसतो. खरी ओळख तीच. लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं निघतात, म्हणून मित्राचा उपाय आपल्याला लागू पडेलच असं नाही.

दुसरा प्रश्न, त्या कार्डाला कर्नेलने ड्रायव्हर लावलाय का? त्याच आज्ञेला 'के' जोडला की कळतं. बाहेरून आणून कंपाइल केलेला ड्रायव्हर असेल, तर सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल अडवलं जातं. आणि कर्नेल अपडेट झालं की तो ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो. 'काल चालत होतं, आज बंद' याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

तिसरा प्रश्न, फर्मवेअर चढलं का? वायफाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो आणि त्याला स्वतःचा प्रोग्रॅम लागतो. बहुतेक कार्डांत ती फाइल सुरुवातीला ड्रायव्हरच कार्डात भरतो. ती सापडली नाही तर 'डीमेसेज'च्या नोंदींत स्पष्ट लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही, एवढंच.

चौथा प्रश्न, रेडिओ कुणी बंद केलाय का? 'आरएफकिल लिस्ट' सांगते. सॉफ्ट ब्लॉक असेल तर आज्ञेने निघतो. हार्ड ब्लॉक म्हणजे बहुधा लॅपटॉपवरचं बटण किंवा स्विच.

पाचवा प्रश्न, हे सगळं ठीक असेल तर सिग्नल किती येतोय?

माझी पहिली चार उत्तरं ठीक निघाली. म्हणजे चार रात्री मी जे ठोकत होतो, ते मुळात बिघडलेलंच नव्हतं! पाचव्या प्रश्नासाठी सर माझ्याबरोबर रूमवर आले. सिग्नल होता उणे ८४ डीबीएम. शेजारच्या लॅपटॉपवर त्याच जागी उणे ५२. दर १० डेसिबलला शक्ती दहा पटीने बदलते, म्हणजे ३० डेसिबलला हजार पट. माझ्या कार्डाला शेजाऱ्याच्या हजारावा भागसुद्धा सिग्नल मिळत नव्हता. सर म्हणाले, "कार्ड बहिरं नाही. त्याच्या कानात कापूस आहे." कार्डाला अँटेनाचे दोन खिळे होते, पण लॅपटॉप बनवणाऱ्याने अँटेना एकालाच जोडली होती आणि कार्ड ऐकत होतं दुसऱ्या, रिकाम्या खिळ्यावर. ड्रायव्हरमध्ये कुठली अँटेना वापरायची ते सांगणारा पर्याय आधीपासून होता. एका फाइलीत एक ओळ लिहिली, काळ्या यादीतली माझी घाण काढली आणि रीस्टार्ट केलं. उणे ५४! खर्च शून्य रुपये.

आता मुद्द्यावर येतो. त्या रात्री मला आनंदापेक्षा लाज जास्त वाटली. आमच्या विहिरीवरची मोटर पाणी उचलत नाही तेव्हा बाबा काय करतात? आधी लाईट आहे का बघतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फुटवॉल. एकदम मोटर उपसून वायंडिंगला टाकत नाहीत. बाबा सातवी शिकलेत. मी ओएसआय मॉडेलचे सात थर ओरलला घडाघडा म्हणून दाखवले होते, पण बिघाड कुठल्या थरात आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. आपल्या जर्नलमध्ये प्रत्येक एक्सपेरिमेंट यशस्वी होतो, रिझल्ट आधीच ठरलेला असतो. मग बिघडलेली गोष्ट समोर आली की आपल्याकडे दोनच उपाय उरतात, फॉरमॅट मारा नाहीतर पार्ट बदला.

आणि दोष कुणाचा हे ठरवतानाही आपण तेच करतो. लिनक्सला शिव्या घालणं सोपं आहे, पण इतिहास बघा. कार्ड आतून कसं चालतं याची कागदपत्रं अनेक कंपन्या वर्षानुवर्षं देतच नव्हत्या. ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठी लोकांनी काय केलं माहीत आहे? एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर तपासून नुसतं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. तो ड्रायव्हर २००६ साली कर्नेलच्या २.६.१७ आवृत्तीत आला. त्या काळात अनेक जण 'एनडीआयएसरॅपर' वापरून चक्क विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचे. पुढे २००८ मध्ये अथेरॉसने स्वतः खुला ड्रायव्हर दिला आणि २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या नव्या चिपसाठी दिला. फर्मवेअर मात्र बहुतेकांचं बंदच राहिलं. ते मुक्त नाही म्हणून डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन हा नियम बदलला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत येऊ लागलं. म्हणजे 'चालत नाही'मागे पुष्कळदा 'चालवायची माहितीच दिली नाही' हे कारण होतं.

या कामात ज्यांनी वर्षानुवर्षं हातभार लावला, त्यांतले अमेरिकेतले लॅरी फिंगर जून २०२४ मध्ये वारले. ब्रॉडकॉमपासून पुढे अनेक वायफाय ड्रायव्हर त्यांनी सांभाळले आणि अडलेल्या अनोळखी माणसांच्या तक्रारींना उत्तरं दिली. त्यांना आपलं हॉस्टेल माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण अशा माणसांनी कुणाचा तरी बिघाड नीट ऐकून घेतला, म्हणून माझ्यासारख्याचे पैसे वाचतात.

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. उद्या सबमिशन आहे आणि आज नेट नाही, अशा पोराला "मॅन्युअल वाच" म्हणून हाकलणारे लिनक्सभक्त मला मुळीच आवडत नाहीत. तहान लागलेल्याला विहीर खणायला लावण्यात कसला मोठेपणा? सरांनी मला मॅन्युअल दिलं नाही, प्रश्न दिला. मदत करायची तर अशी करावी. आणि कुणाला कामापुरतं विंडोज वापरायचं असेल तर खुशाल वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त बिघाड कुठे आहे हे न बघता "लिनक्सच भंगार" म्हणू नका.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलमध्ये एक एक्सपेरिमेंट असा ठेवा, ज्यात मशीन मुद्दाम बिघडवून दिलेलं असेल. मार्क मशीन सुरू झाल्याचे देऊ नका. कुठला प्रश्न आधी विचारला, उत्तर काय आलं आणि त्यावरून काय वगळलं, याचे द्या. ज्याचं मशीन शेवटपर्यंत सुरू झालं नाही, पण ज्याने बिघाड बरोबर ओळखला, त्याला पूर्ण मार्क मिळायला हवेत. खऱ्या नोकरीत याच कामाचा पगार मिळतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही लॅबमध्ये एक २०० पानी वही ठेवली आहे. लक्षण काय, चिपचा क्रमांक काय, काय तपासलं, काय निघालं, सगळं मराठीत. पहिली नोंद माझी आहे, त्या चार वाया गेलेल्या रात्रींसकट. आतापर्यंत सात नोंदी झाल्यात, त्यातल्या दोन अजून सुटलेल्या नाहीत. तुम्हाला सुटतात का बघा. आणि तुमचं काही सुटलं तर येऊन लिहून जा. पेन दोरीने बांधून ठेवलंय.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)