निर्लेखनाआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नेहमीचा आधार बंद केला. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे, म्हणजे साधारणपणे २०१७ पूर्वीचे, बहुतेक सर्व प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत नाहीत. यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजारविश्लेषण संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच वर्तवला होता. त्यांतल्या बहुतेक यंत्रांत बिघाड काहीच नाही. २०१६ साली घेतलेल्या कोअर आय-५ डेस्कटॉप संगणकात साधारणपणे चार कोअरचा, तीन गिगाहर्ट्झच्या पुढे धावणारा प्रोसेसर असतो. तेरा ऑक्टोबरला त्याच्यावर पत्र टाइप होत होते, सातबारा निघत होता, विद्यार्थ्यांचे निकाल भरले जात होते. पंधरा ऑक्टोबरलाही त्याची तेवढीच ताकद होती. बदलला तो फक्त दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला निकष, आणि तोच निकष आपण आपली कार्यालये, शाळा व महाविद्यालये यांच्यासाठी मुकाट्याने स्वीकारत आहोत. मला आक्षेप आहे तो या मुकाटपणाला.

संगणकात नेमके काय म्हातारे होते, हे आधी पाहायला हवे. पंख्यात धूळ बसते, फिरती हार्ड डिस्क थकते, बॅटरी धरत नाही, कपॅसिटर फुगतात. हे सगळे झिजते. पंखा, डिस्क, बॅटरी तर सहज बदलता येतात. प्रोसेसरमध्ये हलणारा भागच नसतो. नीट थंड राहिलेली चिप भोवतालच्या यंत्राला पुरून उरते. तिला ‘जुनी’ ठरवतात ते दोघे बाहेरचे असतात : सॉफ्टवेअर विकणारा आणि हिशेब लिहिणारा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप आणि लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे, सर्व्हरचे सहा. घसाऱ्याच्या हिशेबासाठी असा आकडा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कागदावरचे हे तीन वर्षांचे आयुष्य हळूहळू खरेदी विभागाच्या मनातही पक्के होते आणि डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद म्हणजेच यंत्राच्या तब्येतीचा दाखला ठरते. याच्या उलट, ज्यांना जगात सर्वांत जास्त संगणनशक्ती लागते त्यांच्याकडे पाहा. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणि गूगलने २०२३ मध्ये आपल्या सर्व्हरचे हिशेबातले आयुष्य चार वर्षांवरून सहा वर्षांवर नेले. त्यांच्या नफ्यात त्यामुळे अब्जावधी डॉलरचा फरक पडला. यंत्र आणखी दोन वर्षे काम देईल का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर मोजून काढले. जिल्हा परिषदेच्या किंवा विद्यापीठाच्या संगणकाबद्दल तो प्रश्न का विचारला जाऊ नये?

चिपच्या जगात ‘जुने’ आणि ‘निकामी’ हे एक कधीच नव्हते. झायलॉग कंपनीचा झेड-८० हा आठ बिटांचा प्रोसेसर १९७६ साली बाजारात आला आणि त्याच्या शेवटच्या मागण्या घेतल्या गेल्या २०२४ च्या जूनमध्ये. अठ्ठेचाळीस वर्षे कोणी ना कोणी तो विकत घेतच होते. इंटेलचा ८०५१ हा १९८० चा मायक्रोकंट्रोलर आपल्या पॉलिटेक्निकची कितीतरी मुले अजून शिकतात आणि त्याच्यावर बेतलेल्या चिपा आजही अनेक कंपन्या काढतात. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स गाडीचा मुख्य प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचा आहे, १९९७ च्या पॉवरपीसी ७५० च्या आराखड्यावर बेतलेला. हे उदाहरण फार सैलपणे वापरले जाते, म्हणून सांगायला हवे की तो प्रोसेसर स्वस्त मुळीच नाही. किरणोत्सर्ग सोसण्यासाठी तो वेगळा घडवलेला आहे. पण निवड करताना नासाने त्याचे वय पाहिले नाही, काम पाहिले. इस्रोचेही तसेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सादर झालेला ‘विक्रम ३२०१’ हा देशी प्रोसेसर मोहालीच्या प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने बनतो. फोनच्या जगात हे तंत्र पाव शतक जुने ठरेल, पण रॉकेट दिशेवर ठेवायला ते पुरते. २०२१ च्या चिपटंचाईत मोटारींचे कारखाने थांबले, तेही मुख्यतः अशाच जुन्या तंत्राच्या साध्या चिपा न मिळाल्यामुळे. धोलेराला टाटा समूह तैवानच्या कंपनीबरोबर उभारत असलेला ९१ हजार कोटींचा प्रकल्प २८ ते ११० नॅनोमीटरसाठी आहे. देश म्हणून आपण जुन्या तंत्राची किंमत ओळखली आहे. कचेरीच्या पातळीवर ती ओळख अजून पोचलेली नाही.

जुन्या यंत्रांना काम शोधणे म्हणजे त्यांना कसेही कामाला लावणे नव्हे, आणि इथे उत्साही मंडळींशी माझा मतभेद आहे. १९९७ च्या सुमारास अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या दोन संशोधकांना नव्या संगणकांसाठी पैसे नाकारले गेले. त्यांनी इतरांनी टाकून दिलेले ४८६ आणि पेंटियम संगणक गोळा केले, लिनक्स घालून एकमेकांना जोडले आणि शंभराहून अधिक यंत्रांच्या त्या समूहावर देशाच्या पर्यावरणीय विभागांचे तपशीलवार नकाशे काढले. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली बनवलेला परम ८००० महासंगणक याच विचारावर उभा होता : एक महागडा प्रोसेसर मिळत नसेल तर बाजारात मिळणारे अनेक जोडा. दोन्ही कामे थोर आहेत. पण आज कोणी पन्नास जुनी यंत्रे जोडून समूह उभारू म्हणेल, तर बहुधा तो विजेचा अपव्यय ठरेल. विजेचा हा आक्षेप खरा आहे आणि तो आकड्यांनीच तपासला पाहिजे. चोवीस तास चालणारे, सतत १०० वॅट ओढणारे पेंटियम ४ च्या काळातले यंत्र वर्षाला ८७६ युनिट खाते. तेच छोटे सर्व्हरचे काम पाच वॅटवर चालणारा रास्पबेरी पायसारखा संगणक ४४ युनिटांत करतो. असे जुने यंत्र खुशाल अधिकृत पुनर्चक्रणाला द्यावे. मात्र आठ-दहा वर्षांचा कचेरीतला संगणक वेगळा. तो नव्यापेक्षा ३० वॅट जास्त घेतो असे धरले, तरी दिवसाला आठ तास आणि वर्षाला २५० दिवस म्हणजे ६० युनिट होतात. दहा रुपये दराने सहाशे रुपये. पंचवीस हजारांचे नवे यंत्र या बचतीतून फिटायला चाळीसहून अधिक वर्षे लागतील. शिवाय नवे यंत्र घडवताना जळलेली वीज आणि वापरलेले पाणी या हिशेबात धरलेलेच नाही. आपली वीज मुख्यतः कोळशाची असल्यामुळे वापराचा वाटा इतर देशांपेक्षा मोठा आहे, हे मान्य करूनही पारडे फिरत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो अधिक गंभीर. सुधारणा न मिळणारी विंडोज १० इंटरनेटला जोडून सरकारी काम करणे धोक्याचे आहे. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण असुरक्षित झाली ती ऑपरेटिंग सिस्टीम. त्याच यंत्रावर लिनक्सची चालू आवृत्ती घातली, तर सुरक्षा-सुधारणा नियमित मिळत राहतात. जुन्या चिपांमधल्याही काही त्रुटी उघड झाल्या आहेत, म्हणून संवेदनशील माहितीचे काम अशा यंत्रांवर देऊ नये. वाचनालयातला शोध, टंकलेखन, वर्गातला सराव यांना तो निकष लावण्याचे कारण नाही. कोहासारखी ग्रंथालय-प्रणाली ब्राउझरमध्ये चालते. वाचकासमोरचे यंत्र जुने असले तरी तिचे काही अडत नाही. लोकांना विंडोजचीच सवय आहे, असे म्हणाल तर केरळकडे पाहा. तिथल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात, ‘काइट’ ही सरकारी संस्था त्यासाठी स्वतःची आवृत्ती बनवते आणि शिक्षकांना शिकवते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही आहेत.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळाच आहे. शहराने टाकलेले खेड्यातल्या शाळेच्या गळ्यात का मारायचे? गरिबाच्या मुलाने उतरलेलेच का वापरायचे? हा प्रश्न स्वाभिमानाचा आहे आणि त्याला पर्यावरणाचे उत्तर पुरत नाही. देणगीच्या नावाखाली खोलीभर बंद पेट्या शाळेत आणून टाकणे हा अन्यायच आहे, कारण त्या कचऱ्याची विल्हेवाट लावायचे कामही मग शाळेच्याच माथी येते. पण २०२३-२४ च्या यूडायस प्लस या शाळांविषयीच्या सरकारी अहवालानुसार देशातल्या साधारण ५७ टक्के शाळांतच चालू स्थितीतला संगणक होता. उरलेल्या शाळांतली मुले नव्या यंत्राच्या निविदेची वाट पाहत दहावी ओलांडून जातात. म्हणून अट अशी हवी की दिले जाणारे यंत्र तपासलेले असेल, त्यात नवी एसएसडी आणि किमान आठ जीबी रॅम असेल, बिघाड झाल्यास बोलावता येईल असा तंत्रज्ञ तालुक्यात असेल आणि यंत्र खरोखर संपल्यावर ते परत नेण्याची जबाबदारी देणाऱ्याचीच राहील. एसएसडी आणि रॅमचा खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. आणि हीच यंत्रे आधी शहरातल्या कार्यालयांनी, खुद्द मंत्रालयाने वापरून दाखवावीत. मग ती कोणाची उतरण राहणार नाहीत.

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के अधिकृत मार्गाने गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्ती करून पुन्हा विकणाऱ्या, म्हणजे रिफर्बिशर, व्यावसायिकांची नोंदणी आहे आणि त्यांच्या प्रमाणपत्रामुळे उत्पादकाची पुनर्चक्रणाची जबाबदारी पुढे ढकलली जाते. कायद्यात जागा आहे. वापर मात्र कार्यालयांनी करायचा आहे. अनेक ठिकाणी घोडे अडते ते माहितीच्या भीतीने. डिस्कवर नागरिकांची कागदपत्रे असतात, ती कुठे फुटतील या धास्तीने यंत्रे गोदामात गंजत राहतात. ही भीती रास्त आहे आणि तिचा उपाय सोपा आहे : जुनी डिस्क काढून कार्यालयातच, पंचनामा करून नष्ट करावी आणि उरलेले यंत्र पुढे पाठवावे. यंत्रे बाद ठरवणाऱ्या निर्लेखन समितीसमोर खरेदीची तारीख आणि उरलेली किंमत यांबरोबर एक तपासणी-पत्रकही यावे : प्रोसेसर कोणता, मेमरी किती, लिनक्सवर ब्राउझर आणि मराठी टंकलेखन सुरळीत चालते का, वीज किती घेते. ही तपासणी जवळच्या पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांकडून, मानधन देऊन आणि अभ्यासक्रमात गुण देऊन करून घेता येईल. या पत्रकावर ‘चालते’ अशी नोंद असलेले यंत्र भंगाराच्या लिलावात काढायचे असेल, तर त्याचे कारण संबंधित अधिकाऱ्याने लेखी द्यावे, असा एक शासन निर्णय महाराष्ट्राला आज काढता येण्याजोगा आहे.