आचाऱ्याच्या भिंतीवरचा कागद

गेल्या मंगळवारी दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, सुई टोचली. बोट सुजलं नाहीये, म्हणजे काही होणार नाही ना?" ती नर्सिंगला, जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. मेल मेडिकल वॉर्डात सकाळची ड्युटी होती. इंजेक्शन देऊन झाल्यावर ती सुईला टोपण लावायला गेली आणि सुई हातमोज्यातून थेट तर्जनीत घुसली. तिनं बोट पिळून रक्त काढलं, नळाखाली धरलं आणि अर्धा तास कुणाला काही सांगितलं नाही. इन्चार्ज सिस्टर ओरडतील ही धास्ती. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नसतं आणि टोचलेलं बोट पिळायचं नसतं, या दोन्ही गोष्टी तिला त्या दिवशी संध्याकाळी कळल्या.

रुग्णाचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता.

मी आधी लशीचं विचारलं. किती डोस झाले? ती म्हणाली, "कसले डोस?" कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला, तर तिथून उत्तर आलं, "फाइलला फिटनेस आहे." तो फिटनेस मला चांगला आठवतो, कारण तो काढायला तिच्याबरोबर मीच गेलो होतो. उंची, वजन, दृष्टी, 'संसर्गजन्य रोग नाही' अशी एक ओळ, सही, शिक्का. लशीचा रकानाच त्यात नाही. डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, जातवैधता या सगळ्यांच्या झेरॉक्स त्यांनी दोनदा तपासल्या होत्या. एकही कागद कमी पडला असता तर पोरीची सीट गेली असती. अंगात लस आहे की नाही, हे मात्र कुणी विचारलंच नाही.

लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण तीन असते. हिपॅटायटिस बीची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. घाबरतो आपण पहिल्याला, आणि लस आहे ती दुसऱ्यावर. लहानपणी घेतलीच असेल, असं म्हणून या मुलींना सोडून देता येत नाही. ही लस बाळांच्या सरकारी वेळापत्रकात देशभर आली ती 2011 मध्ये. आज वॉर्डात उभ्या असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली तेव्हा बालवाडीत होत्या.

रविवारी तिला भेटायला हॉस्टेलवर गेलो. मेसमध्ये जेवायला बसलो तेव्हा समोरच्या भिंतीवर अन्न परवाना दिसला, चौदा आकडी नंबर असलेला. त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटात आचाऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा असे वेगवेगळे रकाने, आणि त्याखाली विषमज्वराच्या गटातल्या रोगांवरची लस घेतल्याची नोंद. जेवण टाकून मी तो कागद वाचत उभा राहिलो. आचारी मामांना वाटलं मी तपासणीला आलोय. ते म्हणाले, "दर वर्षी करतो साहेब, नाही केलं तर लायसन अडतं."

हा नियम 2011 च्या अन्नसुरक्षा विनियमांच्या चौथ्या परिशिष्टात आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी, आतड्यांच्या रोगांवरची लस, आणि त्याची नोंद तपासनीस आला की दाखवता येईल अशी. नियम चांगला आहे, आणि मामा तो मनापासून पाळतात. मी अडलो ते पुढे. त्यांच्या हातचं वरण खाऊन जी पोरगी सात वाजता वॉर्डात जाते, रक्त काढते, ड्रेन रिकामा करते, उलटीचं भांडं उचलते, तिच्या नावाचा असा कागद त्या अख्ख्या इमारतीत नव्हता. मामांचा हात वरणात जातो, तिचा रक्तात. आणि लशीचा पुरावा आपण मागतो तो मामांकडे.

नर्सिंगसाठी नियमच नाही, असंही नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमातच लिहिलंय की विद्यार्थ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी व्हावी, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि गरजेप्रमाणे इतर रोगांची लस मिळावी, प्रत्येकाची संपूर्ण आरोग्य नोंद ठेवावी. पण हे कलम बसवलंय विद्यार्थी कल्याणात, म्हणजे सोयीसुविधांमध्ये. मेसचा नियम परवान्याला बांधलेला आहे, मुलींचा नियम कुणाच्या तरी भलेपणावर सोडलेला आहे. परवाना अडतो म्हणून मामांना दर वर्षी तारीख आठवते. मुलीचा डोस राहिला तर कुणाचं काय अडतं?

नेहमीच्या वाचकांना माझा जुना राग ठाऊक आहे, तो इथेही येणारच. नर्सिंगची विद्यार्थिनी रिकाम्या पदांवर भरायचे बिनपगारी हात समजली जाते, हे मी इथे अनेकदा लिहिलंय. या रुग्णालयात कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस दिली गेली होती, हे मला इन्चार्ज सिस्टरांनीच सांगितलं. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तशी तरतूदही आहे. पण लशीची यादी निघाली पगारपत्रकावरून, आणि पगारपत्रकावर विद्यार्थिनी नसते. ड्युटीच्या यादीत मात्र तिचं नाव रोज असतं, रात्रपाळीतही.

म्हणून नुसतं 'लशीचं प्रमाणपत्र आणा' अशी अट घालणंही मला मान्य नाही. तसं झालं तर तीन डोसांचा आणि टायटरचा, म्हणजे प्रतिपिंडांच्या तपासणीचा, खर्च शेतमजुराच्या पोरीवर पडेल आणि प्रमाणपत्रं झेरॉक्सच्या दुकानात तयार होतील. लस कॉलेजनं द्यायची, प्रवेशाच्या दिवशीच. पहिला डोस त्या दिवशी, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांत रक्तातली प्रतिपिंडं मोजायची. ती दहाच्या वर आली की नोंद पक्की. ही नोंद नसेल तर मुलीला घरी पाठवायचं नाही, कॉलेजची मान्यता अडवायची. परिषदेची तपासणी येते तेव्हा प्रयोगशाळेतले पुतळे मोजतात, ग्रंथालयातली पुस्तकं मोजतात. त्याच दिवशी मुलींचे डोसही मोजा.

प्रश्न एकट्या हिपॅटायटिस बीचा नाही. क्षयासाठी मोठ्यांना देता येईल अशी खात्रीची लस नाही, म्हणून तिथे दर वर्षीच्या तपासणीला पर्यायच नाही. दक्षिण भारतातल्या नर्सिंग विद्यार्थिनींवरचा 2011 मधला अभ्यास डॉक्टरमंडळींना माहीत असेल. देशात वर्षाला क्षयसंसर्गाचा सरासरी धोका दीड टक्का धरला जात असताना या मुलींमध्ये तो 7.8 टक्के निघाला. कांजिण्यांची लस तर सरकारी वेळापत्रकात आजही नाही. उद्या यातली एखादी मुलगी जर्मनीला निघाली, की तिथलं रुग्णालय पहिल्यांदा गोवराच्या लशीचा पुरावा मागेल. 2020 पासून तिथे तसा कायदाच आहे. परक्या देशातल्या रुग्णासाठी जी मुलगी तपासली जाते, ती आपल्या रुग्णाजवळ न तपासता जाते, याचा मला मनापासून संताप येतो.

भाचीला त्या मंगळवारी रात्रीच इम्युनोग्लोब्युलिन मिळालं. ते शहरातल्या तिसऱ्या दुकानात सापडलं, आणि काही हजार रुपये तिच्या वडिलांनी उसने आणले. लशीचा पहिला डोसही झाला. आता सहा महिने थांबायचं आणि रक्त तपासायचं. रविवारी निघताना तिला म्हटलं, बॅचच्या ग्रुपवर विचार, कुणाकुणाचे तीन डोस पूर्ण झालेत. तिनं माझ्यासमोरच टाइप केलं. गाडीत बसेपर्यंत पहिलं उत्तर आलं होतं: "कोणती लस गं?"