विश्लेषण : पक्ष्यांना गाण्याची चाल कळते का?

गायिकेने काळी चार पट्टीत गायलेले गाणे गायकाने काळी एकमध्ये गायले, तरी श्रोत्यांना ते लगेच ओळखू येते. गाणाऱ्या पक्ष्यांना मात्र हे सहजी जमत नाही. मग ते एकमेकांची गाणी ओळखतात कशी?

जुने प्रयोग काय सांगत होते?

१९८० च्या दशकात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टुअर्ट हल्स आणि सहकाऱ्यांनी स्टारलिंग पक्ष्यांना चढत्या आणि उतरत्या स्वरांच्या ओळी वेगळ्या ओळखायला शिकवले. महाराष्ट्रात हिवाळ्यात थव्यांनी येणाऱ्या भोरडीचा हा नातलग. पक्षी शिकले, पण तीच ओळ शिकवलेल्या स्वरपट्ट्याबाहेर नेताच गोंधळले. त्यावरून, पक्षी प्रत्येक स्वराची नेमकी उंची लक्षात ठेवतात, असा समज रूढ झाला.

तो समज कशामुळे बदलला?

२०१६ मध्ये मायका ब्रेगमन, अनिरुद्ध पटेल आणि टिमोथी जेंटनर यांचे संशोधन ‘पीएनएएस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनी स्वरांची उंची तीच ठेवून आवाजाचा पोत बदलला, तेव्हा स्टारलिंगना ओळ ओळखता आली नाही. उलट स्वराची उंची पुसून टाकली आणि पोत कायम ठेवला, तेव्हा ती ओळखता आली.

‘पोत’ म्हणजे काय?

फोनवरील इक्वलायझरच्या वरखाली होणाऱ्या पट्ट्या आठवा. कोणत्या कंप्रतेला किती जोर आहे, हे त्या दाखवतात. या पट्ट्यांचा क्षणाक्षणाला बदलणारा आकार पक्षी टिपतात. माणूसही हे करतो, पण बोलणे ऐकताना. कुजबुजीत सूर नसतो, तरी शब्द कळतात. म्हणजे आपण बोलणे ऐकतो, काहीसे तसे स्टारलिंग सुरावट ऐकतात. त्यांचा कान कमी पडत नव्हता. परीक्षा माणसाच्या कानाने घेतली जात होती.

गाणे ओळखले न गेल्यास काय होते?

याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील रीजंट हनीइटर या अतिसंकटग्रस्त पक्ष्याकडे आहे. नराची पिल्ले मोठ्या नरांचे ऐकून गाणे शिकतात. संख्या काही शेकड्यांवर आल्याने शिकवायला ‘गुरू’च उरले नाहीत. २०२१ मधील अभ्यासानुसार, सुमारे १२ टक्के नर इतर जातींची गाणी गात होते आणि वेगळे गाणे गाणाऱ्या नरांना जोडीदार मिळण्याची शक्यता कमी होती.

सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात त्यामुळे जंगलात जन्मलेले नर पिल्लांना गाणे शिकवू लागले. तीन वर्षांत जंगलातील गाणे शिकणाऱ्या पिल्लांचे प्रमाण शून्यावरून ४२ टक्क्यांवर गेले. पिंजऱ्यात पिल्ले वाढवून सोडून देणे पुरेसे नाही. त्यांचे गाणे मादीला आपल्याच जातीचे वाटले, तरच पुढची पिढी जन्माला येईल.