माजघराचें दार

हल्लीं वरच्या इयत्तांतील आमच्या विद्यार्थ्यांस संगणकाच्या जावा भाषेंत प्रोग्रॅम लिहिण्याची गोडी लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ह्या गोडीबरोबर एक युक्तिहि त्यांच्या हातीं आली आहे. तिजविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पालकांसाठीं आधीं थोडा खुलासा करतों. आमच्या शुक्रवार पेठेंतील जुन्या वाड्यांत पाहुणा ओसरीवर बसतो. माजघरांत तो विचारल्यावांचून जात नाहीं. जावांतील 'क्लास' म्हणजे असाच एक वाडा. त्याचा 'पब्लिक' भाग ही ओसरी व 'प्रायव्हेट' भाग हें माजघर. माजघरांतील वस्तूस बाहेरून हात लावूं गेल्यास कंपायलर तत्काळ हरकत घेतो. तथापि १९९७ सालीं जावाच्या १.१ आवृत्तींत 'रिफ्लेक्शन' नांवाची सोय आली. तिच्या योगें चालता प्रोग्रॅम, आरशांत पाहावें त्याप्रमाणें, क्लासची अंतर्रचना पाहूं शकतो. आणि १९९८ च्या १.२ आवृत्तीपासून 'सेट-ॲक्सेसिबल' ही आज्ञा दिली कीं माजघराचा पहाराहि उठतो.

गेल्या वर्षीं प्रदर्शनासाठीं आमच्या मुलांनीं ग्रंथालयाच्या खात्याचा प्रोग्रॅम केला. एकानें दंडाची रक्कम ह्या आडवाटेनें बदलली. पुढें दुसऱ्यानें आपल्याच क्लासमधील त्या फील्डचें नांव सुधारलें. कंपायलरनें चकार शब्द काढला नाहीं, कारण रिफ्लेक्शनला दिलेलें नांव ही त्याच्या दृष्टीनें केवळ अक्षरांची ओळ असते. पाहुण्यांदेखत प्रोग्रॅम बंद पडला, आणि बोल लागला तो नांव बदलणाऱ्यास! वास्तविक आपल्या माजघराची मांडणी बदलण्याचा घरधन्यास अधिकार होताच.

मग ही सोय ठेविलीच कां, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माहिती साठविण्यासाठीं अक्षररूपांत उतरविणाऱ्या 'जीसन'सारख्या साधनांस आपले क्लास आगाऊ ठाऊक नसतात. त्यांचें काम तिजवांचून अडतें. वैद्यास प्रसंगीं माजघरांत जावें लागतें. म्हणून शेजाऱ्यानें रोज मागल्या दारानें शिरावें असें होत नाहीं.

जावाच्या कर्त्यांनीं २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून भाषेच्या स्वतःच्या अंतर्भागास कुंपण घालण्यास आरंभ केला, व २०२१ च्या सतराव्या आवृत्तींत तें बहुतेक पक्कें केलें. परंतु विद्यार्थी लिहितात त्या साध्या क्लासचें दार अजून तसेंच उघडतें. तेथें पहारा आहे तो विवेकाचाच.

आमच्या मतें 'प्रायव्हेट' हें चोरासाठीं घातलेलें कुलूप नव्हे. 'हें मी उद्यां बदलीन, यावर विसंबूं नका,' अशी ती कर्त्याची सूचना आहे. दंड बदलणें जरूर असेल तर त्या सोबत्यास विचारावें. तो एक पब्लिक मेथड देईल, आणि रक्कम शून्याखालीं जाऊं नये ही तपासणीहि तींत घालील. विचारण्यांत कमीपणा नाहीं. दार ढकलतां येतें एवढ्यावरून तें ढकलण्याचा अधिकार येत नाहीं, हें आमच्या मुलांनीं ह्याच वयांत जाणावें.