बियाणं मीठ सोसेल, पण रानातलं मीठ काढणार कोण?



आमचा पुतण्या बी.एस्सी. ॲग्री झालाय. परवा बांधावर आला, मोबाईल पुढं धरला आणि म्हणाला, “तात्या, मिठाच्या रानात येणारं भात निघालंय. ओढ्याकडच्या तुकड्यात लावून बघूया का?”

मी म्हटलं, “लावू. पण आधी बातमी नीट वाचून दाखव.”

बातमी खरी आहे. ४ मे २०२५ ला केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादनातनं तयार झालेले भाताचे दोन वाण जाहीर केले. एक ‘डीआरआर धान १००’ म्हणजे कमला. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं ते सांबा मसुरीवर काम करून काढलं. दुसरं ‘पुसा डीएसटी राईस १’, दिल्लीच्या आयएआरआयचं, एमटीयू १०१० वरनं काढलेलं. कमला लवकर येतंय आणि उतारा जादा देतंय, आणि पुसा डीएसटी दुष्काळ व खारं रान सोसतंय, असं संस्थांचं म्हणणं.

बऱ्याच जणांना वाटतं हे बीटी कापसासारखंच. तसं नाही. बीटीत मातीतल्या जिवाणूचं जनुक कापसात घातलंय. इथं बाहेरचं काही घातलेलं नाही. भाताचंच एक जनुक नेमकं शोधून बंद केलंय. आपल्याच वहीतली एक ओळ खोडल्यासारखं. पुसा डीएसटीत जे जनुक बंद केलंय, त्यानं पानावरची रंध्रं कमी होतात, मग पानातनं पाणी कमी उडतं. ज्या कात्रीनं हे केलं त्या क्रिस्परच्या शोधाला २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि बाहेरचं जनुक नाही म्हणून २०२२ साली केंद्रानं अशा वाणांना जीएमच्या कडक नियमांतनं सूट दिली.

वाद इथंच पेटला. जीएम-विरोधी संघटना म्हणतात, सूट द्यायला नको होती, आणि कात्रीचं पेटंट परदेशी लोकांकडं आहे, उद्या बियाणं कुणाच्या मालकीचं? पुढं त्यांनी असंही म्हटलं की सरकारी चाचण्यांच्या अहवालातले आकडेच या दाव्यांना दुजोरा देत नाहीत. आयसीएआरनं ते फेटाळलं. दोन्हीकडं शिकलेली माणसं. मग दहावी पास शेतकऱ्यानं कुणाचं ऐकायचं?

माझं मत असं, की कुणाचंच नुसतं ऐकायचं नाही. शेजारी काय लावलं होतं, ते विचारायचं. हे मी पैसे घालवून शिकलोय.

ओढ्याकडचा माझा ३० गुंठ्यांचा तुकडा. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी, चिकट जमीन. पाटानं पाणी सोडताना ‘पाणी आपलंच आहे’ म्हणून आम्ही रात्र-रात्र सोडलं. खालची पाणीपातळी वर आली. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ वरच राहतं. एकरी ५५ टन देणारं रान २२ टनांवर आलं, सरीच्या माथ्यावर पांढरी पुटं धरली. कुणीतरी सांगितलं जिप्सम टाका. दोन वर्षं टाकलं. माती तपासलीच नव्हती. शेवटी तपासली तर सामू ८.१, ईसी ६.४. म्हणजे रान खारवट होतं, चोपण नव्हतं. जिप्सम चालतं ते चोपणाला, जिथं मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. खारवट रानातलं मीठ पाण्यानं धुवून खालनं बाहेर काढावं लागतं. मी औषध दिलं, पण दुसऱ्याच रोगाचं.

मग शेजारची पाच खातेदार मंडळी एकत्र बसलो आणि चार फुटांवर सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला. एकट्याचं हे काम नव्हे, कारण माझं पाणी शेजाऱ्याच्या रानाखालनंच ओढ्याला जातं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ईसी ३ च्या आसपास आला, ऊस हळूहळू सुधारला. २०१९ च्या महापुरात पाइपचं तोंड गाळानं बुजलं, ते उकरून काढावं लागलं. २०२१ ला परत तेच.

आता मुद्द्यावर येतो. मीठ सोसणारं बियाणं मीठ सोसतं, रानातनं काढत नाही. पाणी तसंच सोडत राहिलो तर ईसी वाढतच जाणार, आणि एक दिवस त्या बियाण्याचीही सहनशक्ती संपणार. ऊसवाले हे ओळखून आहेत. पाडेगावच्या केंद्राचा फुले २६५ क्षारपड रानात तग धरतो, तो साध्या संकरातनं आलाय, आपण कित्येक वर्षं लावतोय. पण २६५ लावला म्हणून शिरोळच्या रानातलं मीठ गेलं का? ज्यांनी निचरा केला त्यांचंच गेलं.

उसाचं असं संपादन कधी होणार, असंही पुतण्याला विचारलं. त्यानं सांगितलं ते ऐकून गप्पच बसलो. उसाची जनुकं वाचायलाच जगातल्या शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं लागली. मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आर ५७० या जातीचा आराखडा छापून आला. माणसाच्या आराखड्यात सुमारे ३ अब्ज अक्षरं, उसाच्या १० अब्ज. एकेका जनुकाच्या कित्येक प्रती. एक खोडली तरी बाकीच्या काम करतच राहतात. म्हणजे आपल्या उसाला ही कात्री लागायला वेळ आहे. तोवर खोरं आणि पाइप हातात आहेत.

याचा अर्थ नवं नको, असा नाही. माझ्याच तुकड्यात ८ गुंठे असे आहेत की तिथं पाइपचा उतार बसत नाही, ओढा वर पडतो. असं रान आपल्या तालुक्यात बऱ्याच जणांकडं असणार. त्यांच्यासाठी सोसणारं बियाणं म्हणजे रान पडीक राहणं आणि काहीतरी हाती लागणं यातला फरक आहे. म्हणून विरोध करणाऱ्यांना सांगणं, अशा माणसाला ‘थांब’ म्हणताना त्याचं रान एकदा बघून जा. आणि संस्थांना सांगणं, चाचणीचे सगळे आकडे मराठीत, ठिकाणवार, चांगले-वाईट दोन्ही जाहीर करा. किती ईसीच्या रानात, मूळ एमटीयू १०१० च्या तुलनेत, किती हंगाम, एवढं लिहा. उगीच ‘जादा उत्पन्न’ म्हणून सोडू नका. बियाणं घरचं ठेवता येईल का, तेही लेखी सांगा.

आमचं ठरलंय. बियाणं रीतसर मिळालं की त्या ८ गुंठ्यांत ४ गुंठे नवं आणि ४ गुंठे मूळ एमटीयू १०१०. खत, पाणी, लागणीची तारीख एकच. आधी आणि नंतर ईसी मोजणार. दोन्हींचं वजन वेगळं करणार आणि जे येईल ते इथंच लिहिणार, आपटलं तरी.

तोवर एक काम करा. रानात पांढरं दिसत असेल तर औषध-पोतं आणायच्या आधी माती तपासा. खारवट की चोपण, एवढं जरी कळलं तरी माझी दोन वर्षं तुमची वाचतील.